शेवटची होडी किती वाजता?

आमची वाडी माण तालुक्यात आहे. सातारा जिल्ह्याचा हा दुष्काळी भाग. ओढ्याला पाणी आले तर पोरे बघायला धावतात. अशा गावच्या माणसांना समुद्र बघावासा वाटतो. समुद्रातली बेटे बघावीशी वाटतात. यात नवल ते काय?

तीन वर्षांपूर्वी आम्ही गेलोही होतो. एका सहलवाल्याने बाजारात पाटी लावली होती. ‘तीन दिवसांत तीन बेटे.’ आम्ही अकराजणांनी पैसे भरले. गाडी निघाली. ती चहाला थांबली, जेवायला थांबली, काजू विकत घ्यायला थांबली. जेथे सहलवाल्याची ओळख, तेथे गाडी थांबे. जंजिऱ्यासमोर आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलले होते. धक्क्याला शिडाच्या होड्या बांधून ठेवल्या होत्या.

एक नावाडी घरी निघाला होता. तो म्हणाला, “आजी, शेवटची होडी केव्हाच परत आली. आता उद्या या.”

उद्या आम्हाला गाव गाठायचे होते. किल्ला तर समोरच उभा. मध्ये पाणी.

सहलवाला म्हणाला, “दिसला ना किल्ला? मग झालं की!”

आमची आत्या चिडली. ती म्हणाली, “दिसायला काय, क्यालेंडरवर बी दिसतूय!”

आता खरी गोष्ट सांगतो. त्या धक्क्यावर वेळेची पाटी होती. आम्हा अकराजणांत सहाजणांना वाचता येत होते. पण वेळ आधी विचारावी असे एकालाही सुचले नाही. ते काम सहलवाल्याचे, असे आम्ही धरून चाललो होतो. आत्याला तर तेव्हा वाचताच येत नव्हते. पुढे ती दोन हिवाळे रात्रीच्या वर्गाला गेली. अक्षरे आली. आकडे आले. मग एके दिवशी ती म्हणाली, “आता आपलं आपण जायाचं. बेत मी करणार.”

तो बेत कसा केला, ते या पाठात सांगतो. तुम्हालाही असे जाता येईल.

बेत उलटा करायचा

जमिनीवरचा प्रवास आपण सकाळपासून आखतो. पहिली एसटी कधी, मग पुढची कधी. एक चुकली तर दुसरी मिळते. एसटी नाही मिळाली तर टेम्पो असतो, ट्रक असतो. काहीच नाही तर पाय आहेत.

बेटाचे तसे नाही. तेथे जायला वाट एकच, ती पाण्याची. ती बंद झाली की माणूस अडकला. म्हणून बेटाचा बेत शेवटाकडून करायचा. परतीची शेवटची होडी किती वाजता, हे आधी विचारायचे. त्यातून तासभर वजा करायचा. ती आपली परतीची वेळ. मग बेटावर किती वेळ पाहिजे ते धरायचे. मग जायची होडी कोणती ते ठरते. आणि मग ठरते, घरून कधी निघायचे ते.

आत्याने वहीत पानाच्या तळापासून लिहायला सुरुवात केली. सगळ्यांत खाली शेवटची होडी. तिच्या वर किल्ला. त्याच्या वर जायची होडी. तिच्या वर एसटी. वाडी सगळ्यांत वर. आम्ही हसलो. पण त्या वहीने आमची एकही होडी चुकली नाही.

आम्ही तीन बेटे ठरवली. पहिले घारापुरी, मुंबईच्या बंदरात. दुसरा कुलाबा किल्ला, अलिबागसमोर. तिसरा जंजिरा, मुरूडजवळ राजपुरीच्या पुढ्यात. तिन्ही एकाच किनाऱ्याच्या ओळीने आहेत. उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत जायचे, म्हणजे मागे यावे लागत नाही.

महिना कोणता? पावसाळा नको. जून ते ऑगस्ट या दिवसांत समुद्र खवळलेला असतो. जंजिऱ्याच्या होड्या तेव्हा बंद असतात. गेट-वेहून मांडव्याला जाणाऱ्या लहान बोटीही बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला एक मोठी बोट जाते. तिच्यात मोटारीसुद्धा चढतात. ती २०२० साली सुरू झाली. ती पावसाळ्यातही पुष्कळ दिवस चालते. पण आपल्याला किल्ल्यांवर जायचे आहे. कोळी बांधव नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात, आणि मग समुद्रावर जातात. त्यांना दर्या आपल्यापेक्षा जास्त कळतो. आम्ही पौष महिना धरला. थंडी असते, हवा स्वच्छ असते. शेतातली कामेही जरा हलकी असतात.

वार कोणता? हे पुष्कळांना माहीत नसते. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. सोमवार शंकराचा म्हणून माणसे मुद्दाम त्या दिवशी जातात, आणि कुलूप बघून परत येतात! आम्ही मंगळवार धरला.

राहिली तिथी. आता म्हणाल, सहलीला तिथी कशाला? मुहूर्त बघायचा आहे का? मुहूर्त नाही. पाणी बघायचे आहे.

पाऊणकीचे गणित

समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. चढते ती भरती. उतरते ती ओहोटी. हे चंद्राच्या ओढीने होते. सूर्याचीही ओढ असते, पण चंद्राची जास्त. अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघांची ओढ एका ओळीत येते. तेव्हा पाणी फार चढते आणि फार उतरते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ओढ आडवी-उभी होते. पाणी कमी चढते, कमी उतरते. त्याला भांगाची भरती म्हणतात.

चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो. भरतीही रोज सुमारे पाऊण तास उशिरा येते. यावरून कोकणातल्या जुन्या माणसांनी एक हिशेब बसवला आहे. तिथीचा आकडा घ्यायचा. त्याची पाऊणपट करायची. जे उत्तर येईल, तितके वाजता भरती पुरी होते. दिवसाही तितकेच आणि रात्रीही जवळजवळ तितकेच.

चतुर्थीचे बघू. चार पाऊणे तीन. म्हणजे चतुर्थीला पहाटे तीनच्या सुमारास भरती पुरी होते. दुपारीही तीनच्या सुमारास होते. मध्ये ओहोटी. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पाणी सगळ्यांत खाली जाते. तीन आणि सव्वासहा किती? सव्वानऊ. चतुर्थीला सकाळी सव्वानऊच्या सुमारास पाणी सर्वांत खाली असणार.

शुद्ध आणि वद्य, दोन्ही पक्षांना हेच गणित लागते. अमावास्या आणि पौर्णिमा पंधरा धरायच्या. पंधरा पाऊणे सव्वाअकरा.

आमच्या अण्णांना पाऊणकी तोंडपाठ. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी सगळे पाठ करून घेत. अण्णा म्हणाले, “साठ वर्सं झाली पाठ करून. कामाला आज आली!”

हा ठोकताळा आहे, हे मात्र ध्यानात असू द्या. तो मुंबई-कोकणच्या किनाऱ्याला लागतो. बाकी ठिकाणी वेगळे असते. तेथेही अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो. आता भरतीच्या वेळा मोबाईलवरही मिळतात. किनाऱ्यावरचा कोणताही कोळी तोंडी सांगतो. आपण गणित करावे, आणि मग त्याला विचारावे. दोन्ही जुळले तर निघावे.

हे गणित कशाला पाहिजे? कुलाबा किल्ल्यासाठी. हा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर पाण्यात आहे. भरतीला तेथे होडीने जावे लागते. पुऱ्या ओहोटीला लोक वाळूतून चालत जातात. घोडागाडीही जाते. पण चालत गेलेला माणूस पाणी चढायच्या आत परतला पाहिजे. येथे शेवटची होडी म्हणजे ओहोटीच!

आता आत्याची युक्ती बघा. उधाणात पाणी फार खाली जाते, वाट चांगली मोकळी होते. पण अमावास्या-पौर्णिमेला ओहोटी पहाटे नाहीतर संध्याकाळी येते. अंधाराचा धोका. अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते, पण पाणी पुरते हटत नाही. मग मधली तिथी बघायची. तृतीया किंवा चतुर्थी. उधाण नुकतेच सरलेले, आणि ओहोटी सकाळच्या उन्हात. पंचांगात तिने बोट फिरवले. पौष वद्य चतुर्थी बुधवारी येत होती. आदल्या दिवशी मंगळवार, म्हणजे लेणी उघडी. दोन्ही जमले.

“आन् चतुर्थी म्हंजी संकष्टी बी हाय,” आत्या म्हणाली. “किल्ल्यात गणपती हाय म्हनं.”

पैसे आणि पिशवी

पैशाचे थोडक्यात सांगतो. भाडी दरसाल बदलतात, म्हणून येथे आकडे छापत नाही. पण एक फरक लक्षात घ्या. एसटीत २०२३ सालापासून बायकांना अर्धे तिकीट आहे. पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसांना तिकीटच नाही. होडीला यातले काही धरू नका. होडीचे भाडे पुरे धरा. आम्ही प्रत्येकाने खर्चाचे पैसे वेगळे बांधले, आणि एका रात्रीच्या मुक्कामाचे पैसे जास्तीचे बांधले. वारा सुटला की होड्या थांबतात. तेव्हा घाई करून कुठल्या तरी होडीत बसण्यापेक्षा एक रात्र राहिलेले बरे. ते पैसे खर्च झाले नाहीत. पण ते गाठीला होते म्हणून मन शांत होते.

पिशवीत भाकरी, चटणी, पाण्याची बाटली, टॉवेल, चांगल्या पट्ट्यांची चप्पल. किल्ल्याच्या वाटेवर खडकाला शिंपले चिकटलेले असतात. अनवाणी पाय कापतात. कागदपत्रे आणि मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा. पाण्याचे शिंतोडे उडतात.

निघालो

सोमवारी रात्री एसटीत बसलो. आम्ही सातजण होतो. आत्या, अण्णा, सुताराचे जोडपे, गुरव, माझा पुतण्या आणि मी. सकाळी गेट-वेला पोचलो. तेथे तिकिटाच्या पाच-सहा खिडक्या होत्या. दलाल हात धरून ओढत होते. “इकडं या, इकडं या.” आत्या कोणाचे ऐकेना. ती पाटीपुढे उभी राहिली. एकेक अक्षर लावत वाचू लागली. ‘घा-रा-पु-री.’ मागची माणसे खोळंबली. एकजण म्हणाला, “आजी, लवकर करा.” आत्या म्हणाली, “लवकर करूनच मागं फसलो, बाबा.”

जाण्या-येण्याचे तिकीट एकच असते. ते जपून ठेवावे लागते. परतीच्या वेळी ते बघतात.

घारापुरीला लाँच तासाभरात जाते. लाटेने पोट ढवळले तर मधोमध बसा. तेथे हेलकावे कमी लागतात. खाली बघू नका. लांबवर जेथे आकाश आणि पाणी मिळते, तेथे नजर ठेवा. अगदी उपाशी बसू नका, आणि पोटभर जेवूनही बसू नका. गुरवाने वडापाव दोन खाल्ले होते. पुढचे लिहीत नाही.

धक्क्यावर उतरताच आत्याने खलाशाला विचारले, “दादा, परतीची शेवटची लाँच किती वाजता?” त्याने सांगितले. तिने वहीत लिहिले. मग पायऱ्या. त्या शंभरावर आहेत. दोन्ही बाजूंना दुकाने, आणि माकडे. खाण्याची पिशवी हातात दिसू देऊ नका.

लेणे एका डोंगरात कोरलेले आहे. खांब, छत, मूर्ती, सगळा एकच दगड. जवळजवळ दीड हजार वर्षांपूर्वीचे काम. समोर तीन मुखांचा शंकर आहे. तीन पुरुष उंच. सुतार त्याच्यापुढून हलेना. तो म्हणाला, “लाकूड चुकलं तर दुसरं घेता येतं. यानं दगड चुकला असता तर?” पोर्तुगीज येथे आले तेव्हा बंदरावर दगडाचा एक हत्ती होता. त्यावरून त्यांनी बेटाला हत्तीचे नाव दिले. म्हणून पाट्यांवर ‘एलिफंटा’ असेही लिहिलेले असते. दोन्ही नावे एकाच बेटाची. गोंधळू नका. तो हत्ती आता मुंबईत राणीच्या बागेजवळच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा आहे. या बेटावर वस्ती आहे. मुंबईचे दिवे समोर दिसत, पण येथे समुद्राखालून तार टाकून वीज आली ती २०१८ साली!

दुपारी परतलो. तीनच्या बोटीने मांडव्याला निघालो.

पाण्यावरची शिस्त

मांडव्याच्या जवळच रेवस बंदर आहे. येथे थांबून एक दुःखाची गोष्ट सांगितली पाहिजे. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ नावाची बोट मुंबईहून रेवसला निघाली. भर पावसाळा. गटारी अमावास्येचा दिवस. सणाला घरी जाणारी माणसे खच्चून भरलेली. वाटेत वादळी लाटांत बोट कलंडली आणि बुडाली. सहाशेच्या वर माणसे गेली. कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांनी ही गोष्ट नातवंडांना सांगून ठेवली आहे.

दुसरी गोष्ट अलीकडची. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेट-वेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचवर नौदलाची एक वेगवान बोट आदळली. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती. तिचा ताबा सुटला. पंधरा माणसे गेली. हवा चांगली होती. समुद्र शांत होता.

हे वाचून जायचे रद्द करू नका. रोज हजारो माणसे जातात आणि येतात. पण होडीत बसताच लाइफ जॅकेट मागून घ्या. नुसते मांडीवर ठेवू नका. घाला, आणि पट्टे बांधा. गरम होते, चालेल. लेकरांना त्यांच्या मापाचे मागा. मोठे जॅकेट पोराच्या डोक्यावरून निसटते. होडीवर किती माणसे बसवायची तो आकडा लिहिलेला असतो. तो वाचा. माणसे मोजा. जास्त दिसली तर उतरा. काही बघायला सगळ्यांनी एका कडेला धावू नका. होडी कलते. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असेल तर कोणी कितीही आग्रह केला तरी निघू नका. तो वादळी वाऱ्याचा इशारा आहे.

आमच्या बोटीत खलाशी म्हणाला, “मावशी, एवढ्याशा वाटेला कशाला जॅकेट?” आत्या म्हणाली, “मला पवता येत न्हाई. तुला येतंय. तू नको घालूस.” तो हसला. मग त्यानेही घातले.

मांडव्याहून अलिबाग बसने गेलो. काही बोटींच्या तिकिटातच ही बस धरलेली असते. आधी विचारा, नाहीतर दुहेरी पैसे जातात. रात्री अलिबागला एका घरगुती खाणावळीत राहिलो. घरवाल्या कोळणीला आत्याने विचारले, “उद्या सुकती किती वाजता?” ती म्हणाली, “नऊ-सव्वानऊ.” आत्याने वही उघडून दाखवली. सव्वानऊ! त्या बाईने विचारले, “तुम्ही कुठल्या किनाऱ्याच्या?” आम्ही म्हणालो, “माणदेशाच्या.”

ओहोटीची वाट

सकाळी सव्वाआठला किनाऱ्यावर उभे राहिलो. पाणी लांब गेलेले. ओल्या वाळूत उन्हाची तिरीप. किल्ल्यापर्यंत वाट दिसत होती. आम्ही ठरवले होते, ओहोटीच्या आधी एक तास निघायचे, आणि ओहोटीनंतर एका तासात किल्ला सोडायचा. सव्वानऊ आणि एक, सव्वादहा.

हा किल्ला शिवाजी महाराजांनी शेवटच्या दिवसांत बांधायला घेतला. पुढे तो कान्होजी आंग्र्यांचे मोठे ठाणे झाला. इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून त्यांच्यावर चालून आले होते, तरी किल्ला पडला नाही. आत सिद्धिविनायकाचे देऊळ आहे. राघोजी आंग्र्यांनी ते १७५९ साली बांधले. देवळाजवळ गोड्या पाण्याचे तळे आहे. आत्या त्याच्या काठावर बसली. ओंजळीत पाणी घेतले. चारी बाजूंनी खारा समुद्र, आणि मध्ये हे.

दहा वाजले. पुतण्या तटावर फोटो काढत होता. तो म्हणाला, “आत्या, अजून तासभर थांबू. पाणी बघ किती लांब आहे!”

खरेच लांब दिसत होते. दुसरी माणसे निवांत बसली होती. अण्णाही म्हणाले, “राहू दे जरा पोराला.”

आत्या उठली. पदर खोचला. “वहीत सव्वादहा लिवलंय.”

“वहीत लिहिलंय ते आपणच लिहिलंय ना?”

“म्हनून तर. दुसऱ्यानं लिवलं असतं तर थांबले असते.”

आम्ही निघालो. अर्धी वाट कोरडी होती. मध्ये एक सखल पट्टा लागला. जाताना तेथे नुसता चिखल होता. आता पाणी होते. घोट्याच्या वर. ते समोरून लाट होऊन येत नव्हते. बाजूने, गुपचूप भरत होते. पुतण्या गप्प झाला. त्याने आत्याचा हात धरला. की आत्याने त्याचा धरला, ते मला सांगता येणार नाही.

किनाऱ्यावर येऊन चहा घेतला. तासाभराने बघितले तर त्या पट्ट्यात माणसे मांड्यांपर्यंत पाण्यातून येत होती. एका बाईच्या खांद्यावर लेकरू होते. चप्पल वाहून गेलेली. एक कोळी पोरगा पुढे जाऊन त्यांना हात देत होता. पाणी चढल्यावर किल्ल्यावर माणसे अडकतात, आणि मग त्यांना होडीने आणावे लागते.

आत्या काही बोलली नाही. ती फक्त पुतण्याकडे बघून म्हणाली, “चा गार हुतोय.”

जंजिरा

अलिबागहून एसटीने मुरूडला आलो. रात्री चंद्र उगवल्यावर आत्याने उपास सोडला. गुरुवारी सकाळी राजपुरीला गेलो. तोच धक्का. तीच पाटी. तीन वर्षांपूर्वी आम्ही तिच्याकडे पाठ करून उभे होतो.

आत्याने ती मोठ्याने वाचली. अगदी सगळी. पहिली होडी, शेवटची होडी, भाडे, सूचना. लोक बघत होते. कोणी हसले नाही.

होडी शिडाची. माणसे भरली की सुटते, म्हणून थोडी वाट बघावी लागते. वाऱ्याने शीड फुगते आणि होडी सरसर जाते. किल्ल्याचा दरवाजा लांबून दिसतच नाही. अगदी जवळ गेल्यावर तटातून एकदम उघडा पडतो. उतरताना घाई नको. लाट होडी वर उचलते, तेव्हा नावाडी हात देतो. तो सांगेल तेव्हाच पाय टाका.

नावाड्याने आम्हाला पाऊण तास दिला. पुन्हा पाऊणच! सिद्दी लोकांनी हा किल्ला तीनशे वर्षांच्या वर सांभाळला. शिवाजी महाराजांना तो घेता आला नाही. संभाजी महाराजांनी १६८२ साली समुद्रात दगड टाकून वाट बांधायला घेतली. तीही पुरी झाली नाही. तटावर कलालबांगडी नावाची थोरली तोफ आहे. पोरांना ती आवडते.

आम्हा माणदेशी माणसांचे पाय मात्र तळ्यांपाशी अडले. आत दोन मोठी तळी आहेत. गोड्या पाण्याची. किल्ला इतकी वर्षे टिकला, तो तोफांनी जितका, तितकाच या पाण्याने. वेढा पडला तरी आतली माणसे तहानेने मरत नव्हती. पाणी कोठून येते? पावसातून. मुरूडला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमच्या माणात पाचशेही धड पडत नाही. पण येथल्या माणसांनी चारी बाजूंना पाणी असून पावसाचे पाणी साठवले. अण्णा तळ्याची बांधणी बघत किती तरी वेळ उभे होते. शेवटी नावाड्याने हाक दिली.

परत यायला आम्ही निराळी वाट धरली. राजपुरीच्या खाडीवर आगरदांडा आणि दिघी अशी दोन बंदरे समोरासमोर आहेत. त्यांच्यामध्ये फेरीबोट चालते. तिच्यात माणसे, मोटारसायकली, ट्रक, सगळे चढते. दिघीहून म्हसळा, माणगाव, पुणे अशा गाड्या बदलत आम्ही शुक्रवारी वाडीवर आलो.

आता आत्याकडे लोक विचारायला येतात. खालच्या आळीतल्या बायकांना मालवणला जायचे आहे, सिंधुदुर्ग बघायला. आत्याने त्यांना वही दिली आणि सांगितले, “पान खालनं लिवा.”

तुम्ही करून बघा

१. आज तिथी कोणती? पंचांगात किंवा दिनदर्शिकेत बघा. आज मुंबईच्या किनाऱ्यावर भरती किती वाजता पुरी होईल?

२. वद्य सप्तमीला भरती किती वाजता? ओहोटी किती वाजता? त्या दिवशी कुलाबा किल्ल्यात चालत जाणे बरे की नाही? का?

३. एका बेटावरून शेवटची होडी सायंकाळी ५ वाजता सुटते. बेट बघायला ३ तास लागतात. होडीला जायला १ तास लागतो. परतीला १ तासाची सवड ठेवायची आहे. धक्क्यावरून किती वाजताच्या होडीने निघाल? पान खालून वर लिहा.